अवजारे आणि त्यांचे कर्ते

सोलापूरची चादर महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? तिच्यावरील मोर आणि वेलबुट्टी आपण पाहतो, तिचे रंग वाखाणतो, ती घरात किती वर्षे टिकली हेही अभिमानाने सांगतो. परंतु ती नक्षी मागावर कशी उतरली, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. आणि ज्या अवजारामुळे ती उतरली ते अवजार कोणी घडविले, हे विचारण्याचे तर कोणालाच सुचत नाही. अवजारांची आणि ती घडविणाऱ्यांची नीट नोंद ठेवणे हे मोठे विद्येचे काम आहे, असे माझे मत आहे. ते तुमच्यापुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

चादरीची नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर काढतात. मग कागदावरील एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचे एकेक कार्ड घेऊन त्याला नेमक्या जागी भोके पाडतात, आणि ती सारी कार्डे क्रमाने ओवून त्यांची माळ करतात. मागाच्या डोक्यावर ही माळ फिरू लागली, की जेथे भोक असेल तेथील उभा धागा वर उचलला जातो, जेथे नसेल तेथील खालीच राहतो, आणि त्या दोहोंमधून धोटा आडवा धागा घेऊन धावतो. माळ बदलली, की त्याच मागावर मोराऐवजी कमळ उमटते. माग तोच, सूत तेच. बदलते ती केवळ मागाला दिलेली आज्ञा! आता अनेक कारखान्यांत पुठ्ठ्याच्या कार्डांचे काम संगणक करतो. तथापि मूळ युक्ती तीच आहे.

या यंत्राला ‘जॅकार्ड’ म्हणतात, कारण फ्रान्समधील जोझेफ मारी जॅकार्ड याने ते १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. पण भोके पाडलेल्या कागदाची कल्पना बाझिल बूशों याने १७२५ मध्येच योजिली होती, आणि कागदाऐवजी कार्डे ओवण्याची सुधारणा १७२८ मध्ये फाल्कों याने केली. जग एकाचेच नाव घेते. उरलेल्या दोघांची नावे आज आपल्याला कळतात, ती कोणीतरी ती चिकाटीने टिपून ठेवली म्हणूनच. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कार्डांना भोके पाडली, त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपल्यातील किती जण सांगू शकतील?

आता तुमच्या आवडीच्या विषयाकडे वळू. १९९३ मध्ये ‘डूम’ नावाचा संगणकावरील खेळ निघाला. त्यातील दालने व चित्रे मुख्य आज्ञावलीपासून वेगळी ठेवलेली होती. म्हणजे माग निराळा आणि कार्डांची माळ निराळी. साहजिकच, ही माळ आपण बदलून पाहावी, असे अनेकांना वाटले. पण त्यासाठी अवजार हवे. त्या खेळाच्या पोटात माहिती कशी रचली आहे, ते मॅट फेल यांनी उलगडून लिहून ठेवले. न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर आणि बेल्जियममधील राफाएल किने यांनी १९९४ मध्ये नवी दालने रचण्याचे एक साधन तयार केले आणि ते सर्वांना मोफत दिले. पृथ्वीच्या दोन टोकांना राहणारी ही माणसे एका कामात एकत्र आली, ही मला मोठी रम्य गोष्ट वाटते.

अशी साधने पुढे असंख्य झाली. त्यांच्या याद्या ‘विकी’वर ठेवल्या जातात. विकी म्हणजे कोणीही वाचावे आणि कोणीही सुधारावे असे सामायिक लेखन. पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केली. २००१ मध्ये विकिपीडिया आला, आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तो पराक्रम थोरच. पण छापलेल्या खंडातील चूक दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहत बसते. विकीतील चूक आज दिसली तर आजच सुधारता येते. खोडसाळ हातही तेथे पोहोचतात, हे खरे. परंतु प्रत्येक बदलाचा इतिहास राहत असल्याने जुना मजकूर परत आणता येतो.

मात्र यादी एकदा केली म्हणजे संपले, असे नाही. १९९४ मधले ते साधन जुन्या संगणकांसाठी लिहिलेले होते. आजच्या संगणकावर ते सहजासहजी चालत नाही. यादीत तसे लिहिले नसेल, तर एखादा मुलगा दिवसभर खटपट करील आणि स्वतःलाच मूर्ख समजेल. मग ती ओळ खोडून टाकावी काय? मुळीच नाही. ‘हे साधन आता चालत नाही, हे पूर्वी अमक्यांनी केले’ असे लिहावे. बूशोंचे नाव अशाच एका ओळीमुळे वाचले आहे.

कोणी म्हणेल, साधन चांगले असले म्हणजे पुरे, नावाशी काय काम? असे म्हणणाऱ्याने साधन कधी बिघडलेले पाहिले नसावे. ते बिघडले, की ते का तसे रचले हे कर्त्यालाच विचारावे लागते. शिवाय दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपविणारे लोक सर्व काळी असतात; नीट ठेवलेली यादी त्यांच्या आड येते. मात्र नाव आणि काम यांपलीकडे, घरचा पत्ता किंवा खाजगी गोष्टी यांची चौकशी यादीने करू नये. कित्येक कर्ते टोपणनावानेच काम करतात. त्यांना त्याच नावाने नोंदवावे.

मुलांनो, सोलापूरच्या मागांविषयी अशी यादी तुमच्या शाळेला सहज करता येईल. विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला आधार लागतो; तेव्हा ऐकलेली माहिती प्रथम शाळेच्या वहीतच लिहा. अवजाराचे नाव कारागीर जसे उच्चारतात तसेच घ्या, मग ते मराठी असो की पूर्वभागातील विणकरांच्या घरातले तेलुगू. ते कशासाठी वापरतात, कोणी केले, केव्हापासून वापरात आहे आणि ही माहिती कोणी सांगितली, एवढे प्रत्येकापुढे असावे. नाव लिहिण्यापूर्वी त्या माणसाची परवानगी घ्या. आणि दरवर्षी नव्या वर्गाने ती वही हातात घेऊन पुन्हा त्याच कारखान्यांत जावे. कोणते अवजार आता अडगळीत पडले आहे, ते त्याच ओळीपुढे तारखेसह लिहावे.