ओसरी आणि पाटी

पैनगंगेकाठच्या बेला व जैनाथ या मंडलांत, म्हणजे तालुक्याहून लहान अशा महसुली विभागांत, मराठी बोलणारी जी पिढी आज ऐंशीच्या घरात ओसरीवर बसलेली दिसते, तिच्या बालपणीच १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी होऊन किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात आला. तरी कापूस वेचणाऱ्या आईमागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, खेळणाऱ्या पोराला त्याची झळ बेतानेच लागली असावी. नातवंडांचे तसे नाही. २०१८च्या कायद्याने, आंध्र प्रदेशातून वेगळ्या झालेल्या तेलंगणात, शाळेत तेलुगू सक्तीची झाली, २०२२पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम येऊ लागले, आणि आजीची मराठी पाटीवरून उतरून स्वयंपाकघरापुरती राहू लागली. बालपण बदलल्याचा सारा दोष मोबाइलवर टाकणे सोयीचे असले (आजोबाही तो सोडत नाहीत, हा भाग वेगळा) तरी आजी-नातवांतले खरे अंतर लिपीचे आहे, कारण राज्य सरकारच्या निवृत्तिवेतन योजनेचा तेलुगू कागद आजीला नातूच वाचून दाखवतो, आणि आजीची मराठी पोथी मात्र त्याला वाचता येत नाही.