माणसाचा सातबारा कोणाच्या दप्तरांत?



जमीन आपण कसतों, पण ती कोणाची हें कागद ठरवतो. आणि कागद ज्याच्या दप्तरांत, सत्ता त्याच्या हातांत. हें आपल्या लोकांस पिढ्यान् पिढ्या सोसून कळलें आहे. कुळकर्ण्याच्या लेखणीनें किती घरें बुडविलीं, तें जोतीराव फुल्यांनीं जगापुढें मांडलें. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले. आज १९६६ च्या जमीन महसूल कायद्याचें १५० वें कलम सांगतें कीं, फेरफार धरला तर तलाठ्यानें चावडीवर नोटीस लावावी, संबंध असलेल्यांस कळवावें, हरकत आल्यास वहींत घ्यावी, आणि वरच्या अधिकाऱ्यानें चौकशी करून मगच नोंद कायम करावी. हें नेहमींच पाळलें जातें असें नाहीं. पण न पाळल्यास जाब विचारण्यास आपल्यापाशीं आधार आहे.

आतां दुसरा कागद पहा. हा जमिनीचा नव्हे, माणसाचा. पोलीस ठाण्यांत एखाद्यावर नजर ठेवावयाची ठरली म्हणजे त्याच्या नांवाची हिस्ट्रीशीट उघडतात. ती उघडण्यापूर्वीं नोटीस नाहीं, उघडल्यावर कळविणें नाहीं, हरकतीची वही तर नाहींच नाहीं. १९८१ सालीं मलकसिंगाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, नजरेखालील माणसांचें दप्तर गुप्त असतें व त्यांत नांव चढविण्यापूर्वीं त्या माणसाचें म्हणणें ऐकण्याची गरज नाहीं. वाजवी कारणाशिवाय नांव चढवूं नये, हेंहि त्याच निकालांत आहे. पण आम्ही विचारतों, ज्याला कागदच दिसत नाहीं, त्यानें कारण वाजवी कीं गैरवाजवी हें सांगावें कसें? आमच्या बांधाची नोंद आम्हांस पाहतां येते. आमच्या अब्रूची नोंद मात्र पाहतां येत नाहीं. हा कोठला न्याय?

हा कागद कोणाच्या वांट्यास येतो, हें सांगावयास पंचांग नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जातीच्या जाती जन्मतःच चोर ठरविण्याची वाट काढली. १९११ व १९२४ च्या कायद्यांनीं ती आणखी रुंद केली. आमच्याकडचे फासेपारधी, कैकाडी, मांग-गारुडी, भामटे हजेरीच्या दावणीस बांधले गेले. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला. पण १९५९ सालीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि जुन्या वहीवर नवें पुठ्ठें चढलें. आजहि गांवांत चोरी झाली कीं पाल कोणाचें झडतें व पोरें कोणाचीं उचललीं जातात, हें वाचकांनींच सांगावें.

आणि गंमत पहा! त्या १८७१ च्या जुलमी कायद्याच्या १२ व्या कलमांत एवढें तरी लिहिलें होतें कीं, वहींतील नोंदीनें ज्याला अन्याय झाला असें वाटेल त्यानें मॅजिस्ट्रेटाकडे तक्रार करावी, आणि मॅजिस्ट्रेटानें मर्जीप्रमाणें तें नांव ठेवावें किंवा खोडावें. ती तक्रार किती जणांस करतां आली असेल, हा प्रश्न निराळा. पण परक्या राणीच्या कायद्यानें कागदावर तरी जें दार ठेवलें होतें, तें स्वराज्याच्या ठाण्यांत नसावें, याची आम्हांस लाज वाटते.

कोणी म्हणेल, हें पारध्यांचें दुखणें, आम्हां कुणब्या-सुतारांस त्याचें काय? बंधूंनो, बांधाच्या भांडणांत, यात्रेंतल्या मारामारींत, मोर्चांत तुमच्याहि पोराचें नांव लागतें. पुढें तडजोड होते, कोर्ट निर्दोष सोडतें. पण दप्तरांत गुन्हा तसाच राहतो, निकाल चढत नाहीं. पूर्वीं ही चूक एका ठाण्याच्या वहींत पडून राही. २००९ सालीं देशभरचीं ठाणीं यंत्रानें जोडण्याची योजना मंजूर झाली; आतां एका ठाण्यांतील चूक शंभर ठाण्यांत वाचली जाते. आमच्या हाताखालून गेलेलीं मुलें पोलीसभरतीस, सैन्यांत, कारखान्यांत पहारेकरी म्हणून जातात. प्रत्येक अर्जावर विचारलेलें असतें, ‘तुमच्यावर गुन्हा आहे काय?’ मुलगा ‘नाहीं’ लिहितो, कारण त्याला ठाऊकच नसतें. पडताळणींत कागद निघाला कीं तो खोटारडा ठरतो. २०१६ च्या अवतारसिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें आहे कीं, चालूं खटला उमेदवारास माहीत नसला तरी त्याचा वाईट परिणाम होऊं शकतो. निवड करणाऱ्यानें गुन्ह्याचें गांभीर्य पाहून ठरवावें. म्हणजे न पाहिलेल्या कागदाचा जाब पोरानें द्यावा!

कायदे नाहींत असें नाहीं. २००५ च्या माहिती अधिकारानें मागण्याची सोय झाली. पण दुरुस्त करून घेण्याची नाहीं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें पेढीवाल्याकडील व दुकानदाराकडील आपली माहिती सुधारून घेण्याचा हक्क लिहिला. पण त्याच्याच १७ व्या कलमानें गुन्ह्यांच्या प्रतिबंधासाठीं व तपासासाठीं वापरली जाणारी माहिती त्यांतून वगळली. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०२४ रोजीं दिल्लीच्या एका प्रकरणांत हिस्ट्रीशीटांची वेळोवेळीं तपासणी वरिष्ठ अधिकाऱ्यानें करावी असें बजावलें, आणि मागास जातींचीं नांवें यांत्रिकपणें चढविलीं जाऊं नयेत याकडे सर्व राज्यांचें लक्ष वेधलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तुरुंगांच्या वह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितलें. या निकालांचें आम्ही स्वागत करतों. पण तपासणारा पोलीस, खोडणारा पोलीस. ज्याचें नांव, तो बाहेर पायरीवर! कुळकर्ण्यानेंच कुळकर्ण्याची वही तपासावी, यांतला हा प्रकार आहे. आणि खुर्चीवर आज आपल्याच जातीचा भाऊ बसला असला तरी फरक काय? झांकलेली वही कोणाच्याहि हातांत गेली तरी ती गरिबावरच उलटते.

पोलीस म्हणतील, चोराला कागद दाखविला तर तो सावध होईल. चालूं तपासाचा कागद दाखवा, असें आमचें म्हणणेंच नाहीं. पण जो खटला संपला, ज्यांतून माणूस सुटला, तेथें कोणाला सावध करावयाचें राहिलें? युरोपांतील राष्ट्रसंघानें २०१६ सालीं पोलिसांकडील माहितीबद्दल नियम केला. त्यांत माणसास आपली नोंद पाहण्याचा व चूक सुधारून घेण्याचा हक्क आहे, आणि तपासास बाध येत असेल तेथें आवश्यक तेवढी मर्यादाहि आहे. म्हणून तेथील पोलीस दुबळे झाले काय?

आमची मागणी चार शब्दांत सांगतों: दाखवा, ऐका, सुधारा, खोडा. नोंद झाली कीं ठराविक मुदतींत माणसास कळवावें. त्याची हरकत पोलिसांनीं नव्हे, न्यायाधीशानें ऐकावी. निर्दोष सुटल्याचा निकाल कोर्टाकडून थेट दप्तरांत चढावा. जुनी नोंद मुदतीनंतर गळावी. बालगुन्हेगारीच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद, घोर गुन्ह्यांचा अपवाद ठेवून, २०१५ च्या कायद्यांत आहेच.

कायदा होईपर्यंत हात जोडून बसूं नका. सुटकेच्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल घ्या व खरेदीखताइतकी जपून ठेवा. दहा रुपयांचा माहितीचा अर्ज ठाण्यांत द्या. तीस दिवसांत उत्तर देणें त्यांस भाग आहे. नकार आला तर कारण लेखी मागा व अपील करा. ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा अर्ज शिकलेल्या पोरानें लिहावा. शाळेंत शिकल्याचें तेंच सार्थक. आणि पालावरच्या माणसाचा अर्ज आधीं लिहा, कारण त्याच्या नांवाची वही आपल्यापेक्षां फार जुनी आहे.