येझदीच्या नकाशात नसलेली गाडी

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये एखाद्या गल्लीच्या तोंडाशी अजूनही अधूनमधून तो आवाज येतो. दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोक इंजिन, मागे निळसर धूर आणि वळलेल्या माना. येझदी मोटारसायकलची खोड अशी, की किक आणि गिअर यांचा दांडा एकच. उभा केला की किक, आडवा केला की गिअर. नवख्याची फजिती ठरलेली.

या गाडीचा कारखानाही याच शहरात, यादवगिरीत होता. इराणी आडनावाच्या कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीचा परवाना घेऊन तो उभारला आणि 1961 साली म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. 1973 मध्ये जावाची येझदी झाली. 1996 मध्ये कारखान्याला कुलूप लागले.

कामगारांशी बिनसले, प्रदूषणाचे नियम आवळले, ही कारणे खरीच. पण त्याच्या आधीच बाजार हातातून निसटत होता. 1980 साली कंपनीतल्या कुणी कागद घेऊन ‘आपले स्पर्धक कोण’ असे लिहायला घेतले असते, तर दोनच नावे झाली असती: बुलेट आणि राजदूत. परवान्यांच्या राज्यात यादी तेवढीच होती.

गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत मायकेल पोर्टर यांचे स्पर्धेच्या व्यूहनीतीवरचे पुस्तक आले. त्यांचे म्हणणे सोपे होते. समोरचा दुकानदार हा स्पर्धेच्या पाच घटकांपैकी फक्त एक. उद्या दुकान थाटणारा, वेगळ्याच वस्तूने तीच गरज भागवणारा, घासाघीस करणारा गिऱ्हाईक आणि माल अडवणारा पुरवठादार हे बाकीचे चार. आपल्याकडे यात सहावा धरावाच लागतो: दिल्लीतले राजपत्र.

सहाव्यानेच पहिला घाव घातला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींना परदेशी भागीदारीची वाट मोकळी केली. 1984 मध्ये होसूरच्या टीव्हीएसने सुझुकीची गाडी आणली. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 आली. पाठोपाठ आकुर्डीच्या बजाजने कावासाकीचा हात धरला. ‘भरा, बंद करा, विसरा’ अशा अर्थाची हिरो होंडाची जाहिरात आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा अनेकांना अजून आठवत असेल. सरस्वतीपुरममधून मानसगंगोत्रीच्या विद्यापीठात जाणाऱ्या प्राध्यापकाला घाटात दमदार चालणारी गाडी नकोच होती. त्याला महिन्याचे पेट्रोल मोजायचे होते. त्याच दशकात यादवगिरीतून काय बाहेर पडले? दोन सिलिंडरची, साडेतीनशे सीसीची येझदी. गाडी देखणी होती, पण तिचा रोख बुलेटवर होता आणि गिऱ्हाईक शंभर सीसीच्या रांगेत उभे होते.

याच शहरातल्या अगरबत्तीची गोष्ट वेगळी, पण धडा तोच. ‘सायकल’ छापवाली एन. रंगा राव अँड सन्स ही कंपनी 1948 पासूनची. 2003 मध्ये आयटीसीसारखी सिगारेटवाली बलाढ्य कंपनी ‘मंगलदीप’ घेऊन याच धंद्यात उतरली. कुणी म्हणेल, स्पर्धकांच्या नकाशावरचा मोठा ठिपका हाच. पण अगरबत्तीच्या काडीचे बघा. तिचा बांबू कितीतरी वर्षे व्हिएतनाम-चीनमधून येत असे. 2019 मध्ये तयार अगरबत्तीच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले, 2020 मध्ये बांबूवरचे आयात शुल्क वाढवले. एका निर्णयाने बाहेरचा तयार माल अडला, दुसऱ्याने कच्चा माल महाग झाला. ज्याच्या नकाशात फक्त प्रतिस्पर्ध्याचे पुडे आणि वास असतील, त्याला हे कळायला बंदरावरून बिल यावे लागते.

तरीही आपल्या कंपन्यांचे वार्षिक नियोजन बघावे, तर हॉटेलचा हॉल, पडद्यावर चार चौकोन आणि स्पर्धकांच्या रकान्यात गेल्या वर्षीचीच नावे. हे नकाशे कारखान्याच्या खिडकीतून काढलेले असतात, म्हणून त्यात आपल्यासारखीच धुराडी दिसतात. गिऱ्हाइकाच्या अंगणात उभे राहून काढले, तर निराळ्याच वस्तू दिसू लागतील.

चाकण-भोसरीतल्या सायलेन्सर करणाऱ्या लघुउद्योजकाला आज स्पर्धक विचारा. तो पलीकडच्या शेडमधल्या सायलेन्सरवाल्याचेच नाव घेण्याची शक्यता जास्त. तोवर 2020 मध्ये बजाजचीच चेतक नव्या रूपात बाजारात आलेली आहे. ती विजेवर चालते आणि तिला सायलेन्सरच नाही.