खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा

भगिनींनो, मटण शिजते तेव्हा नळी नि चांगले तुकडे कोणाच्या ताटात जातात आणि शेवटी बसणाऱ्या बाईला नुसता रस्सा का उरतो, हे आम्ही सांगायला नको. खिम्याचे गोळे मात्र मोजता येतात.

अर्धा किलो खिमा चाळणीत धुऊन घट्ट पिळावा. पाणी राहिले की गोळे फुटतात. आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ व 3 चमचे डाळ्याची पूड घालून चांगला मळावा. ओल्या हाताने छोट्या लिंबाएवढे 18 गोळे वळावेत.

भाजलेला कांदा, सुके खोबरे व लसूण यांचे वाटण तेलात परतावे. हळद, मसाला, मीठ व गरम पाणी घालावे. रस्सा उकळू लागल्यावरच एकेक गोळा सोडावा, म्हणजे तो वरून लगेच घट्ट होतो. 10 मिनिटे पळी लावू नये. पातेलेच धरून हलवावे. मग मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावे.

घरात 6 माणसे असतील तर प्रत्येकी 3 गोळे. रांधणारीचे 3 आधीच वाटीत काढावेत, आणि सर्वांनी एकाच पंगतीला बसावे. मुलगा असो वा मुलगी, गोळे सारखेच वाढावेत. मुले ते मोजतात, हे आम्ही पाहिले आहे.