परसातला कारखाना

आपल्या भागातील खेड्यांतून अलीकडे एक प्रश्न घरोघर चर्चिला जातो. मुलगा आय.टी.आय.मधून फिटर किंवा वेल्डर होऊन बाहेर पडला, बेळगावच्या उद्यमबागेत दोन-तीन वर्षे काम केले, आणि आता तो म्हणतो, "बाबा, घराच्या बाजूला शेड घालून द्या, स्वतःचे काम सुरू करतो." बाप विचारात पडतो. शेड म्हणजे पैसा, आणि पैसा म्हणजे सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज. नाही म्हणावे तर मुलगा पुण्याची नाहीतर आखाताची वाट धरणार. या प्रश्नास सरसकट होकार वा नकार देणे शहाणपणाचे नव्हे. परंतु शेड कशी असावी, तीत आधी काय आणावे व मागाहून काय, याचा विचार झालेला असेल तर निर्णय पुष्कळ सोपा होतो.

बेळगावात किर्लोस्कर रोडवरून जाणारे-येणारे पुष्कळ. परंतु त्या नावामागील उद्योगाचा आरंभ किती लहान होता, याची आठवण थोड्यांनाच असेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. पुढे ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. सायकलींची विक्री व दुरुस्ती, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि त्यानंतर लोखंडी नांगर, असा तो क्रम आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. १९१० साली बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे त्यांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दहा हजार रुपये कर्ज व आपल्या संस्थानात माळरान दिले. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

या हकिकतीतून आपल्या कामापुरत्या दोन गोष्टी घ्याव्या. आरंभ दुरुस्तीने झाला, महागड्या यंत्राने नव्हे. आणि जागेचा प्रश्न मोठमोठ्यांनाही चुकला नाही.

म्हणून प्रथम जागेचेच बोलू. शेड शेतजमिनीत घालावयाची असेल तर ती जमीन रीतसर बिनशेती करून घ्यावी लागते; गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा परवाना हवा. घरगुती मीटरवरून धंद्याचे यंत्र चालविणे नियमाबाहेर आहे. कर्नाटकाच्या बाजूस हेस्कॉमकडे, आणि आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडील मंडळींनी महावितरणकडे वेगळी जोडणी मागावी. हे कागद कंटाळवाणे खरे, परंतु शेजाऱ्याशी उद्या वाकडे आले तर पहिली तक्रार याच कागदांवरून होते. शेजाऱ्याचीही बाजू आहेच. ग्राइंडरचा आवाज रात्री नऊनंतर कोणास ऐकवेल? परीक्षेच्या दिवसांत तर मुळीच नाही.

शेडचे दार कोणत्या दिशेस ठेवावे, हे आपल्याकडील पाऊसच सांगतो. चंदगड-खानापूर पट्ट्यात नैर्ऋत्येकडून येणारी झड आठ-आठ दिवस थांबत नाही. त्या बाजूस दार ठेवले की यंत्रांना गंज चढलाच म्हणून समजावे. दार पूर्वेस ठेवावे आणि कामाचे टेबल उत्तरेच्या खिडकीखाली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात सावल्या नाचत नाहीत. जांभा दगड जेथे मिळतो तेथे भिंतीस तो उत्तम. छपरास मंगलोरी कौले थंड असतात, परंतु ठिणगी व हादरा यांचा विचार करता पत्रा बरा. मात्र पत्र्याची उंची बारा फुटांपेक्षा कमी नसावी, नाहीतर चैत्र-वैशाखात आत उभे राहवणार नाही. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब एवढी खोली एका माणसास पुरते. उसाची ट्रॉली आत आणण्याचा हट्ट धरू नये. तिच्यासाठी दारापुढे काँक्रीटचे अंगण व वर साधे छप्पर असावे. जमिनीस शहाबादी फरशी दिसते छान, पण घणाचा पहिला चुकलेला घाव तिचे दोन तुकडे करतो.

आत काय आणावे? येथेच पुष्कळ घरे फसतात. मुलास लेथ हवा असतो, कारण लेथ असला म्हणजे कारखाना, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. परंतु महिन्यातून चार शाफ्ट कातण्यासाठी लाखांचे यंत्र घेण्याचे कारण नाही. तेवढे काम उद्यमबागेत कातून आणता येते. आरंभी एक भक्कम टेबल, त्यावर व्हाइस, रुळाच्या तुकड्याची ऐरण, पाने, कानशी, हॅक्सॉ, टॅप-डाय, मग ड्रिल व वेल्डिंगचा संच. एवढ्यावर पंपाचा पाया, नांगराचा फाळ, ट्रॉलीची साखळी, गोठ्याचे फाटक ही सारी कामे निघतात. व्हाइसचे जबडे उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीस यावेत. याहून खाली असेल तर दोन वर्षांत कंबर बोलू लागते. लेथ पुढे घ्यावाच लागला आणि तो जुना असला, तर कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवून पाहावे. चकजवळ ती सैल आणि दुसऱ्या टोकाला घट्ट लागत असेल, तर बेड झिजलेला आहे. विकणारा रंग कितीही चकचकीत लावो!

लोहार व सुतार कुटुंबांनी २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेची चौकशी अवश्य करावी. तीत हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साह्य आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखाचे कर्ज अशी तरतूद आहे. शेत गहाण टाकून यंत्र घेण्यास मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. यंत्राची किंमत दरवर्षी उतरते.

आता जिवाशी संबंध असलेल्या गोष्टी. यांवर आईनेही लक्ष ठेवावे. वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास त्या वेळी काहीच वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. वेल्डर काच लावतो, दारात उभी राहिलेली लहान मुले लावत नाहीत. तेव्हा दारास जाड पडदा हवा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपावर वेल्डिंग केल्यास त्याच्या धुराने सायंकाळी थंडी वाजून ताप येतो. गूळ खाल्ला की धूर उतरतो असे कारागीर म्हणतात; गूळ आपल्याकडे चांगला मिळतो, तो जरूर खावा, परंतु समोरासमोर दोन खिडक्या ठेवून आणि जस्त घासून काढून मगच काम करावे. डिझेलचे रिकामे पिंप वेल्डिंगला कोणी आणले तर सरळ परत पाठवावे. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातकी, कारण आत वाफ कोंडलेली असते आणि एक ठिणगी तिला पुरते.

ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून मोठी चकती बसविण्याची एक वाईट खोड तरुणांत आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो. सात इंची चकती तेवढ्या वेगासाठी बनविलेलीच नसते. ती फुटली की तुकडा कोठे जाईल, हे सांगता येत नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत. अंगात टेरिलिन नको, सुती कपडा हवा, कारण टेरिलिन वितळून कातडीस चिकटते. विजेच्या पेटीत तीस मिलिअँपिअरला तुटणारे आर.सी.सी.बी. असावे आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतावे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून ड्रिल चालविणाऱ्याचे प्राण त्या छोट्या पेटीवर अवलंबून असतात.

आणखी एक शत्रू हत्यारांच्या फळीवर दिसत नाही. तो म्हणजे उधारी. गळीत हंगामाच्या आधी साऱ्या ट्रॉल्या एकदम दुरुस्तीस येतात, आणि पैसे "कारखान्याचे बिल आल्यावर" मिळणार असतात. ओळखीच्या माणसाला नाही कसे म्हणावे? निदान लोखंड, वेल्डिंगच्या कांड्या व वीज यांचा खर्च तरी आधी रोख घ्यावा, मजुरीची उधारी वहीत लिहावी, आणि ती वही मुलाकडे न ठेवता घरातील हिशेबी बाईकडे द्यावी. तिला भीड कमी असते. गिऱ्हाइकांचा रस्ता घराच्या ओसरीवरून नसावा. काम होईतो बसलेल्यांच्या गप्पा आणि कधीकधी बाटलीही तेथेच येते.

बांधकाम दिवाळीनंतर काढावे, म्हणजे वळवाच्या सरी येण्यापूर्वी छप्पर चढते. काँक्रीटवर निदान दहा दिवस पाणी मारावे, आणि तोवर यंत्राचे बोल्ट आवळू नयेत.