सुरतेची चिठ्ठी

दिवाळीचा फराळ आणि राजकारण यांचे आमच्या घरात फार जुने सूत आहे. माझे आजोबा कट्टर टिळकपक्षाचे आणि त्यांचे मेहुणे तितकेच कट्टर गोखल्यांचे. भाऊबीजेला दोघे समोरासमोर पाटावर बसले, की चकलीचा पहिला तुकडा मोडायच्या आत सुरतेची काँग्रेस निघायची. जोडा कोणी मारला आणि कोणाला मारला, हा वादाचा विषय. सुरतेला झाले १९०७ साली; मी हे ऐकत होतो त्यानंतर पन्नास वर्षांनी. तोवर स्वराज्य येऊन दहा वर्षे झाली होती, पण त्या जोड्याचा निकाल काही लागला नव्हता. काँग्रेस म्हणजे काहीतरी वहाणांचा व्यवहार असावा, अशी माझी लहानपणी प्रामाणिक समजूत होती.

हे आठवायचे कारण, परवा टेलिव्हिजनवर एका पक्षाचे अधिवेशन पाहिले. कोणत्या, ते विचारू नका. आता सगळ्यांची अधिवेशने सारखीच दिसतात. एकाने नाव सुचवले, दुसऱ्याने अनुमोदन दिले, टाळ्या झाल्या, हार आला. मी ताटलीतला चिवडा संपवीपर्यंत पक्षाला अध्यक्ष मिळालेला होता. ‘किती शिस्तीत झालं!’ आमची सूनबाई म्हणाली. मला मात्र आजोबांच्या मेहुण्यांचा लाल झालेला चेहरा आठवला आणि कपाटातली जुनी पुस्तके काढून मी सुरत पुन्हा वाचायला बसलो.

वाचता वाचता लक्षात आले, की आमच्या घरातले दोन्ही पक्ष भलत्याच वस्तूवर भांडत होते. जोडा ही अखेरची गोष्ट. त्याआधी एक चिठ्ठी आहे.

मुळात अध्यक्ष कोण, हा पेच आदल्या वर्षीचाच. १९०६ साली कलकत्त्याला टिळकांचे नाव पुढे येताच मवाळांनी ८१ वर्षांच्या दादाभाई नौरोजींना विलायतेहून बोलावून घेतले. दादाभाईंपुढे कोण उभा राहणार! सगळे गप्प बसले आणि त्या अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण असे चार ठराव पास झाले. पुढचे अधिवेशन नागपूरला व्हायचे. तिथे जहालांचे बळ फार, म्हणून ते हलवले सुरतेला. सुरत मुंबई इलाख्यातली, आणि त्या इलाख्यात फिरोजशहा मेहतांचा शब्द चाले. अध्यक्ष म्हणून रासबिहारी घोषांचे नाव ठरले. मंडालेच्या हद्दपारीतून नुकतेच सुटून आलेले लाला लजपतराय अध्यक्ष व्हावेत, अशी जहालांची इच्छा होती. पण भांडणाला कारण नको, म्हणून लालाजींनी स्वतःच नकार दिला.

म्हणजे नावाचा प्रश्न तसा मिटलाच होता. कलकत्त्याचे चार ठराव पातळ करणार नाही एवढे वचन द्या, आम्ही घोषबाबूंना विरोध करत नाही, इथपर्यंत टिळक आले होते. वचन काही मिळेना. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनाला उभे राहिले, तर मंडपात इतका गोंधळ, की सभा दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली. सुरेंद्रनाथांसारख्या वक्त्याचा आवाज जिथे पोचला नाही, तो गोंधळ केवढा असेल! (हे मात्र आजोबा कधी सांगत नसत.)

२७ तारखेला टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींना चिठ्ठी पाठवली. अनुमोदन झाल्यावर मला बोलायचे आहे, सभा तहकूब करून तोडगा काढण्याची सूचना मांडायची आहे, असा मजकूर. उत्तर आले नाही. घोषबाबूंची निवड झाल्याचे जाहीर झाले, ते भाषणाला उठले आणि टिळक व्यासपीठावर जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या आणि एक पुणेरी जोडा येऊन सुरेंद्रनाथांना व मेहतांना लागला. पण त्या धुमश्चक्रीत टिळकांच्या अंगावर लोक धावून गेले, तेव्हा त्यांना आडवे हात करून वाचवायला पुढे झाले ते गोखले! ही हकीकत आमच्या पंक्तीत दोघांपैकी एकानेही कधी काढली नाही. दोघांच्याही वादाला ती गैरसोयीची होती.

काँग्रेस फुटली. सात महिन्यांत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन तेही मंडालेला गेले. १९१६ साली लखनौला पक्ष पुन्हा एक झाला, तेव्हा ते पाहायला गोखले नव्हते आणि मेहताही नव्हते. दोघेही १९१५ सालीच गेले होते. अखेर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी टिळकांचीच निवड झाली, तर ते चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायतेला निघालेले! त्या खुर्चीवर ते कधी बसलेच नाहीत.

एवढे वाचून पुस्तक मिटले आणि मला उगाचच अस्वस्थ वाटू लागले. कारण चिठ्ठी खिशात घालणारा एक इसम माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

सप्टेंबरात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. मी सेक्रेटरी. चेअरमन कोण, हे आम्ही चौघांनी आदल्या रात्रीच ठरवले होते, आणि माणूस चांगलाच निवडला होता, हे आजही सांगतो. सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली : ‘नाव सुचवल्यावर दोन मिनिटे बोलायचे आहे.’ वडे आलेले होते आणि गार होत होते. हे गृहस्थ बोलायला लागले की दोन मिनिटांची वीस होतात. मी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात टाकली. टाळ्या झाल्या. मिनिटबुकात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले : ‘एकमताने’.

जोडाबिडा कुणी फेकला नाही. ते गृहस्थ उठले, वडा न घेता वर गेले. चौदा वर्षे सकाळी सात वाजता पेपर वाचायला ते आमच्याकडे येत. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. त्यांना काय बोलायचे होते, ते मला अजून माहीत नाही. कदाचित आमच्याच माणसाला अनुमोदन द्यायचे असेल.

चिठ्ठी परवा सापडली, धोब्याकडे टाकायच्या सदऱ्यात. ती मी मिनिटबुकात ठेवली आहे. आत्ता हे लिहीत असताना सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, ‘दुसऱ्या मजल्यावरचं फराळाचं ताट भरलंय, कोण नेऊन देणार?’ दरवर्षी नातू नेतो. त्याला थांब म्हटले आहे आणि चपला शोधतो आहे.