शनी आडवा येत नाही

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूरला साडेसाती टळावी म्हणून लोक तेल वाहतात. परदेशी शिकणाऱ्या मुलाने मध्येच वाट बदलली, की आपल्याही वस्तीत कोणी म्हणतेच, "शनी आडवा आला!"

बंधू-भगिनींनो, बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते अर्थशास्त्र शिकायला. १९१६ साली लंडनला बॅरिस्टरीसाठीही नाव घातले. मुदत संपली, १९१७ साली परतावे लागले. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. अर्थशास्त्राचे डॉक्टर बॅरिस्टरही झाले.

आज अमेरिकेत शिकणारा आपला मुलगा कॉलेजच्या संघाला खेळ शिकवतो आणि त्यातच त्याला पुढचा पेशा दिसतो. घरच्यांनी घाबरू नये. एवढेच विचारावे : शिष्यवृत्तीच्या अटी वाचल्यास का? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांवर काम चालत नाही, हे ठाऊक आहे ना? विषय बदलण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारलेस ना?

कागद चोख असतील तर वाट बदलणे म्हणजे हरणे नव्हे. तेलाचे पैसे वाचवा, पोराला फोन लावा. जयभीम!